वोल्वेला आधी जेवायला वाढ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हायकिंग कादंबरीची प्रकरणं वाचली. भाषा तुला जमली आहे, समुद्राची वर्णनं तर झकासच. अडलंय ते दुसरीकडे. तुझी नायिका पहिल्या पानावर तीन माणसं कापते आणि थोड्याच पानांनंतर हात फिरवून वादळ बोलावते, आणि एवढं होऊनही आजूबाजूला कुणाचं काहीच बिघडत नाही. मेलेल्यांचे भाऊ भरपाई मागायला येत नाहीत, जादू करणारीला कुणी ताट वाढत नाही. दहाव्या शतकातल्या स्कँडिनेव्हियात अशी फुकटची ताकद कुणाकडेच नव्हती.

(आणि हो, शिंगांची शिरस्त्राणं काढून टाक. ती रूढ झाली जर्मन संगीतकार वाग्नरच्या 1876च्या ऑपेरातल्या पोशाखांमुळे. व्हायकिंगांच्या डोक्यावर ती नव्हती.)

आधी जादूचं बघू. एरिक द रेडच्या सागामध्ये, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेत, ग्रीनलँडमधला दुष्काळ येतो. शिकार मिळत नाही, समुद्रावर गेलेले काही परत आलेले नाहीत. अशा वेळी थोरकेल नावाचा शेतकरी थोरब्योर्ग या वोल्वेला, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईला, घरी बोलावतो. ती येते तेव्हाचं वर्णन सावकाश वाच. काठापर्यंत खडे जडवलेला गडद झगा, गळ्यात काचेचे मणी, काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी आणि तिला आतून पांढऱ्या मांजराच्या कातड्याचं अस्तर. हातात पितळी मुठीची काठी. बसायला उंच आसन, त्यावर कोंबडीच्या पिसांची गादी. जेवायला करडांच्या दुधाची पेज आणि गोठ्यातल्या प्रत्येक जातीच्या जनावराचं काळीज. तिची सुरी वालरसच्या सुळ्याच्या मुठीची आहे, आणि तिचं टोक मोडलेलं आहे. ते मोडकं टोक लिहिणाऱ्याने उगाच नोंदवलेलं नाही. बाई घरोघर फिरून पोट भरणारी आहे, हे तिथे कळतं.

त्या रात्री ती फारसं बोलतच नाही. सेद्र, म्हणजे तिचा विधी, दुसऱ्या दिवशी होतो, आणि तिथेही घोडं अडतं. आत्म्यांना बोलावणारं गाणं येणारी बाई लागते आणि ती घरात कुणी सापडत नाही. शेवटी गुदरिद नावाची तरुणी कबूल करते की आइसलँडला दाईआईने तिला ते शिकवलं होतं. पण ती ख्रिस्ती आहे, तिला असल्या कामात पडायचं नाही. थोरकेल तिला गळ घालतो. बायका रिंगण करतात, ती गाते, आणि इतकं सुंदर गाणं आजवर ऐकलं नव्हतं असं सगळे म्हणतात. आपल्याकडे संबळ वाजल्याशिवाय अंगात येत नाही, तसलाच हा प्रकार. पण साम्य तिथेच सोड. तुझ्या मसुद्यात एक लिंबू-टाचणी शिरलेली दिसली, ती बाहेर काढ.

आता बघ, या प्रसंगात विजेचा एक लोळ नाही. भुकेलं घर आहे, यजमानाची अडचण आहे, नको असताना गाणारी मुलगी आहे. ताण सगळा तिथे आहे. तुला नशा देणारं काही हवं असेल तर डेन्मार्कमधल्या फिरकातची कबर वाच. फिरकात म्हणजे डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथच्या काळातला, साधारण 980 सालचा गोल किल्ला. तिथे गाडीच्या साटीत पुरलेल्या एका बाईजवळ लोखंडी दांडा आणि खुरासानी ओव्याच्या बिया सापडल्या. बिया निखाऱ्यावर टाकल्या की धुराने माणूस भ्रमतो. त्या बाईने तसंच केलं असेल असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण कादंबरीला तेवढी फट पुरते.

तलवारीकडे येऊ. स्वीडनमधल्या बिर्काची कबर तुला ठाऊक असेलच. ह्यालमार स्टोल्पेने 1878 साली ती खणली. तलवार, कुऱ्हाड, भाले, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, एक घोडी, एक घोडा आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्यांचा पूर्ण संच. शंभरहून अधिक वर्षं सगळ्यांनी तो पुरुष योद्धाच धरला. 2017 साली डीएनए तपासला, तर हाडं बाईची निघाली. हाडांवर लढाईतल्या जखमा मात्र नाहीत, आणि ती खरंच लढत होती का यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. तू लगेच तिच्या हाती कुऱ्हाड दिलीस. मी असतो तर सोंगट्यांपासून सुरुवात केली असती.

आणि कायदा विसरू नकोस. ग्रागास या जुन्या आइसलँडी कायद्यात बाईने पुरुषी कपडे घालणं, शस्त्र बाळगणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात दुसरीकडे अशी तरतूद आहे की मेलेल्याला मुलगा, बाप, भाऊ नसेल, तर त्याची अविवाहित मुलगी मुलासारखी रक्ताची भरपाई घेऊ शकते. लग्न झालं की तो हक्क नातेवाइकांच्या पदरात टाकायचा. बस, तुझी नायिका इथे आहे! तिला भाऊ नाही, बाप मारला गेलाय, आणि लग्नाची बोलणी करायला चुलते घाईला आलेत. ते का घाईला आलेत हे वाचकाला सांगावंही लागणार नाही. बापाच्या थडग्यावर जाऊन त्याच्या भुताकडून टिर्फिंग तलवार मागून घेणारी सागांमधली हेरव्होर हीसुद्धा अशीच, बाप गेलेली मुलगी.

जादू आणि लढाई एकत्र बघायच्या असतील तर न्यालच्या सागाच्या शेवटाकडे जा. 1014 साली डब्लिनजवळ क्लोंटार्फची लढाई झाली. त्याच दिवशी स्कॉटलंडमध्ये एक माणूस बायकांच्या कामाच्या खोपटात डोकावतो. आत वाल्किरी, म्हणजे रणात कोण मरणार ते ठरवणाऱ्या देवकन्या, उभ्या मागावर विणत बसल्या आहेत. ताण्याला खाली वजनं म्हणून माणसांची मुंडकी, धागे आतड्यांचे, ठोकायला तलवार. कोण मरणार ते त्या विणता विणता गातात आणि शेवटी कापड फाडून आपापला तुकडा घेऊन निघून जातात. रोज ज्या मागावर गलबतांची लोकरी शिडं विणली जात, त्याच मागावर ही लढाई विणली जाते. तुझ्या चार प्रकरणांत एकही बाई सूत कातताना दिसली नाही, म्हणून हे लिहिलं.

एक गोष्ट मात्र तुझी अफलातून आहे: नायिकेच्या चुलतभावाला सेद्र येतं. तू ते दोन ओळींत उरकलंस. पुरुषाने सेद्र करणं ही त्या समाजात मोठी नामुष्की होती. खुद्द देवांचा राजा ओडिन याला ही विद्या फ्रेया या देवीने शिकवली असं सांगतात, आणि खोडकर लोकी भर मेजवानीत त्याला यावरूनच टोमणा मारतो. देवाची ही गत, तर तुझ्या त्या पोराचं काय होईल? त्याला हे कुणी शिकवलं, घरात कुणाला माहीत आहे, आणि ज्या दिवशी गाणारी बाई मिळणार नाही त्या दिवशी तो तोंड उघडेल का? नायिकेचं प्रकरण राहू दे थोडे दिवस. आधी त्याचं लिहून पाठव.

तुझा,
सर