पॉइंटरपाशी गाडी अडलीय, कोर्स सोडू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूरचा, विडी घरकुलला राहतो. बीकॉम झालंय, वडील चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, मी दिवसा टॉवेलच्या गोडाऊनला हिशोब बघतो आणि रात्री हार्वर्डचा कॉम्प्युटर सायन्सचा फुकट ऑनलाइन कोर्स, सीएस५०, करायलोय. स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं, ते मस्त गेलं, सी भाषेत मारिओ गेमसारखा पिरॅमिड काढायला चार रात्री गेल्या पण जमला, मात्र चौथ्या आठवड्यातलं मेमरी आणि पॉइंटर काही केल्या समजंना, लेक्चर तीनदा बघून झालं. लोक सांगतात दोन महिन्यांत संपवला, मला इथवर यायलाच सात महिने लागले. आमच्या घरात कुणाचाच कॉम्प्युटरशी संबंध नाही, त्यामुळे वाटतं हे आपलं काम नव्हे. सोडून देऊन पुण्याला क्लास लावू का?

उत्तर : अरे सोडू नकोस, आणि क्लासचे पैसे आत्ता तर अजिबात भरू नकोस. मी हाच कोर्स नोकरी आणि घर सांभाळून केलाय, मला दीड वर्ष लागलं आणि त्यातले दोन महिने ह्याच चौथ्या आठवड्यात गेले. शून्यापासून एकेक आठवडा मोजतात म्हणून आपल्याला वाटतं की सात दिवसांत एक उरकायलाच पाहिजे, पण ते वेळापत्रक तिथे कॅम्पसवर राहून शिकणाऱ्या मुलांचं आहे, त्यांना अडलं की विचारायला माणसं असतात, तू दिवसभर काम करून जेवून मग बसतोस. वर्षअखेरची मुदत बघून घाबरू नकोस, जमा केलेलं काम साधारणपणे पुढच्या वर्षात धरलं जातं.

आता पॉइंटर. तू गोडाऊनला असतोस ना, मग तुला तो रोज भेटतो. समज, रॅक १२ मध्ये टॉवेलचे गठ्ठे आहेत आणि तू चिठ्ठीवर फक्त "रॅक १२" लिहून माणसाला दिलंस, ती चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. चिठ्ठी म्हणजे टॉवेल नाही, टॉवेल कुठे आहेत ते सांगणारा नंबर. लेक्चरमधलं ते स्वॅप आठव, दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहितात आणि बाहेर येऊन बघावं तर काहीच बदललेलं नसतं. का, तर फंक्शनला तू आकडे दिलेस की त्याच्या हातात झेरॉक्स पडते, ते झेरॉक्सवर अदलाबदल करतं आणि काम संपलं की झेरॉक्स टाकून देतं, मूळ रजिस्टर जसंच्या तसं. रॅकचे नंबर दिलेस तर मात्र ते जाऊन खरे गठ्ठे बदलतं. मॅलॉक म्हणजे मेमरीत जागा मागून घेणं, फ्री म्हणजे ती परत करणं, आणि आपली नाही त्या रॅकमध्ये हात घातला की बऱ्याचदा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच बंद.

लेक्चर चौथ्यांदा बघू नकोस. चौकटीची वही घे, प्रत्येक व्हेरिएबलला एक चौकोन, वर नंबर, आत किंमत, आणि कोडची एकेक ओळ वाचत पेन्सिलनं खोडून लिहीत जा. माझं डोकं उघडलं ते असंच, स्क्रीनकडे बघून नाही.

त्याच आठवड्यात रिकव्हर नावाचं प्रॉब्लेम आहे, ते चुकवू नकोस. मेमरी कार्डमधून पुसलेले ५० फोटो परत काढायचे असतात, ५१२ बाइटचे तुकडे वाचत जायचं आणि जेपेगची, म्हणजे फोटोची फाइल सुरू झाल्याची खूण दिसली की नवीन फाइल सुरू करायची. मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा पन्नास फाइली आल्या आणि एकही उघडेना, कारण मी प्रत्येक फोटोचा फक्त पहिला तुकडा लिहीत होते, पुढचे सगळे सोडून देत होते. अट तपासणारा एक इफ-एल्स बदलला आणि रात्री दीड वाजता पहिला फोटो उघडला, मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवला.

आणि घरात कुणाचा संबंध नाही असं परत म्हणू नकोस. वडिलांना मागावरच्या जेकार्डबद्दल विचार. जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जे यंत्र बनवलं त्यात पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही, एक आणि शून्य, बस. चार्ल्स बॅबेजनं कॉम्प्युटरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी कार्डांची कल्पना तिथूनच घेतली. तुमच्या चादरीवरचा मोर असाच विणला जातो.

अडलं की आयतं उत्तर शोधून चिकटवू नकोस, कोर्सचा नियमही तोच आहे. कोर्सचा बदकाच्या रूपातला एआय मदतनीस आहे ना, त्या बदकाला विचार, ते इशारा देतं, तयार कोड देत नाही. किंवा आईला मराठीत समजावून सांग की ही ओळ काय करते, बोलता बोलता चूक आपोआप सापडते.

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापूरची, वय ३९, मुलगी नववीला. हाच कोर्स करावा म्हणते पण इंग्रजी भराभर कळत नाही, आणि सर्टिफिकेटला पैसे लागतात का?

उत्तर : सगळे प्रॉब्लेम सेट, म्हणजे दर आठवड्याचा गृहपाठ, आणि शेवटचा प्रोजेक्ट पूर्ण केला की सीएस५० चं स्वतःचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, एडएक्स ह्या कोर्सच्या वेबसाइटचं व्हेरिफाइड हवं असेल तरच पैसे. इंग्रजीसाठी सबटायटल लावा आणि स्पीड ०.७५ करा, मी निम्मा कोर्स तसाच बघितलाय. कोड ब्राउझरमध्येच लिहायचा असतो, त्यामुळे मुलीचा जुना लॅपटॉप चालेल. स्क्रॅचचा पहिला आठवडा दोघी मिळून करा, आणि कुठे अडलात ते मला नक्की लिहा.