मेंटॉर शिक्षकांना विचार करून सल्ला द्यायला कसं शिकवायचं?

प्रश्न: सांगलीतल्या एका कॉलेजात मेंटॉर योजनेचं काम माझ्याकडे आलंय. २२ मेंटॉर आहेत, प्रत्येकाकडे पंचवीसेक मुलं. नियम सगळ्यांना पाठ, पण सल्ला कायम एकच : ‘अभ्यास वाढव, हजेरी भर.’ यात बदल कसा करायचा?

उत्तर: क्रेडिटच्या (विषयाला मिळणाऱ्या श्रेयांकांच्या) नियमांवर आणखी एक कार्यशाळा मात्र घेऊ नका. अडचण माहितीची नाही. मेंटॉर दोन मिनिटांत निष्कर्षावर येतो आणि कशावरून आला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. जो विचार दिसतच नाही, तो सुधारणार कसा? म्हणून आधी अंदाज कागदावर आणा.

पंधरवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, पाच-सहा मेंटॉर आणि एकच केस. केस तुकड्यातुकड्यांनी द्या. शेवट आधी कळला की सगळेच शहाणे ठरतात.

नमुन्यादाखल एक काल्पनिक केस घ्या. तासगावकडचा मुलगा, बी.एस्सी.चं दुसरं सेमिस्टर. पहिल्या सेमिस्टरला पास झाला, आता मार्चमध्ये अंतर्गत परीक्षेत दोन विषय गेले. म्हणतो, “सर, कॉलेज सोडतो, पोलीस भरती करतो.” इथं थांबा. प्रत्येकाने तीन मिनिटांत दोन अंदाज लिहायचे. एक चालणार नाही. शिवाय प्रत्येक अंदाजापुढे लिहायचं : काय दिसलं तर हा खोटा ठरेल? पहिला अंदाज बहुधा ‘अभ्यासात लक्ष नाही’ हाच येतो. दुसरा सुचताना पेन अडतं, आणि शिकायचं असतं ते तिथेच.

मग हजेरीपट दाखवा. जानेवारीअखेरपर्यंत ठीक, फेब्रुवारीपासून सलग गैरहजर. मुळात लक्षच नसतं तर हजेरी आधीच घसरली असती. कुणीतरी म्हणेल, “द्राक्षाचा हंगाम!” बरोबर, पण इथेही घाई होते. घरची बाग आहे की दुसऱ्याकडे रोजंदारी? दोन्हींत सल्ला वेगळा. तिसऱ्या तुकड्यात कळतं : पॅकिंगच्या कामाला जातो, कारण खोलीभाडं थकलंय आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी निघून परत आलाय.

आता प्रश्नच बदलला. भरती ही त्याची आवड आहे की पैशाच्या अडचणीतून शोधलेली वाट, हे त्यालाच विचारावं लागेल. पहिलं काम अर्जातली त्रुटी दुरुस्त करण्याचं, ‘अभ्यास वाढव’ म्हणण्याचं नव्हे. तरीही जायचंच म्हणाला तर पर्याय नीट मांडा : पोलीस शिपाई पदाला बारावी पुरते, पीएसआयला (उपनिरीक्षकाला) पदवी लागते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट आणि वर कौशल्याधारित ४ क्रेडिट पूर्ण केली तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार ३ वर्षांच्या आत परत येता येतं, पदवी एकूण ७ वर्षांत पूर्ण करायची. निर्णय त्याचा. नियम तोच, पण पाठ म्हणून दाखवणं वेगळं आणि या मुलाला तो कुठे उपयोगी पडतो ते पाहणं वेगळं.

एक पथ्य कडक पाळा : सर्वांत ज्येष्ठ माणूस शेवटी बोलेल. आपल्याकडे विभागप्रमुख आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि बैठक तिथेच संपते.

प्रत्यक्ष भेटीनंतर चार ओळींची नोंद पुरे : काय दिसलं, काय वाटलं, काय ठरलं, कधी तपासायचं. ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ वेगळं ठेवणं नव्या मेंटॉरला फार जड जातं. ‘मुलगी उदास होती’ हे वाटणं झालं. ‘दहा मिनिटांत दोनदाच बोलली’ हे दिसणं. चार आठवड्यांनी नोंद काढून अंदाज बरोबर होता का ते बघायचं. ही पायरी गाळली की वीस वर्षांचा अनुभव असूनही माणूस तीच चूक करत राहतो. (कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेल्या मेंटॉर डायऱ्या या कामाच्या नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.)

तासिका तत्त्वावरचे शिक्षक मेंटॉर असतील तर वर्षअखेर नोंद पुढच्या माणसाकडे जाईल अशी सोय आधीच करा, नाहीतर जूनमध्ये मुलगा पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतो.

काही ठिकाणी अंदाज बांधत बसायचंच नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर त्याला एकटं सोडायचं नाही. समुपदेशक आणि घरच्यांशी लगेच संपर्क साधायचा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मेंटॉरच्या फोनमध्ये असावा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, रॅगिंगची रॅगिंगविरोधी समितीकडे.

आणि खऱ्या केसवर चर्चा करताना नुसतं नाव बदलून भागत नाही. तालुका लहान असतो. गाव, विषय आणि घरचा धंदा या तिन्हींवरून कॉलेजचा शिपाईसुद्धा मुलगा ओळखतो. तेही बदला आणि कागद बैठकीनंतर परत घ्या.