श्रीवर्धनला घर घ्यायचं तर आधी डोंगर बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या वर्षी निवृत्त झालात की पुणं सोडून दोघांनी श्रीवर्धनला कायमचं यायचं म्हणताय. दोन जागा मनात भरल्यात, एक समुद्राजवळची नारळ-सुपारीची जुनी वाडी आणि दुसरी डोंगरउतारावर नव्याने पाडलेला प्लॉट, जिथून समुद्र दिसतो. आणि ‘नगरपालिका आहे म्हणजे पाणी, कचरा, दिवाबत्तीची काळजी नाही’ असंही लिहिलंय. मी बावीस वर्षं इथे राहून वाडी करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नगरपालिकेचं आधी. चाळीस हजारांपर्यंतच्या वस्तीच्या नगरपरिषदा ‘क’ वर्गात धरतात. आपलं गाव २००१च्या जनगणनेत पंधरा हजारांच्या आसपास होतं. एवढ्या गावाची घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजारफी मिळून होणार किती? मोठं काही करायचं तर शासनाच्या अनुदानाकडेच बघावं लागतं. घंटागाडी येते, दिवे लागतात, नळाला वेळेवर पाणी सुटतं. पण शहरात जसं चोवीस तास गृहीत धरता, तसं इथे धरू नका. बोलीत, चालीत हे गावच आहे. नगरपालिकेत काम असलं की निम्मी माणसं ओळखीची भेटतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पाणी. इथे सगळं पाण्यावरच येऊन थांबतं.

गावाची ठेवण अशी की पश्चिमेला तीनेक किलोमीटरची पुळण म्हणजे वाळूचा किनारा, तिला लागून माड-पोफळींच्या वाड्या, मग आळ्या आणि बाजार, आणि बाकी तिन्ही बाजूंनी डोंगर. कोकणपट्टीत पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तरी एप्रिल लागला की बायका विहिरीत वाकून बघायला लागतात. डोंगर जवळ आणि समुद्रही जवळ, त्यामुळे पडलेलं पाणी काही तासांत पऱ्ह्यांतून, म्हणजे ओढ्यांतून, खाली येऊन खारं होतं. जे डोंगरात मुरलं तेवढंच उन्हाळ्यात आपलं. नळाला येणारं रानवली धरणाचं पाणीसुद्धा डोंगरातच अडवलेलं आहे.

वाड्यांमधल्या विहिरींचं तर नवलच. पुळणीपासून हाकेच्या अंतरावर विहीर आणि पाणी नारळासारखं गोड! गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल, तर ते खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत खाऱ्याला दाबून धरतं. तेच उलट लावा. उपसा करून वरची पातळी वीतभर उतरवली, तर खालून खारं पाणी चाळीस वीत वर चढतं.

हे मी भोगलंय. शेजारच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आणि मोठा पंप बसला. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात आमच्या घरचा चहा फुटायला लागला. बायकोला वाटलं दूध नासलं. दूधवाला बदलला, पातेली बदलली. मग एक दिवस तुरीची डाळ दीड तास शिजवूनही दाणा अख्खाच राहिला, तेव्हा मी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ! पोफळींची शेंडी पिवळी पडायला लागली होती, पण ते ऊन समजून मी सोडून दिलं होतं. पाऊस भरपूर झाला तेव्हा विहीर सुधारली, पण पूर्वीची गोडी आली नाही. शेजाऱ्यांशी बसून बोललो, आता दोघेही पंप ठरावीक वेळच लावतो. जुनी माणसं रहाटाने शिंपणं काढत, तेव्हा विहिरीला दम खायला वेळ मिळायचा.

म्हणून वाडी घेणार असाल तर दिवाळीत बघून इसार देऊ नका. मे महिन्याच्या अखेरीस या. विहिरीचं पाणी चाखा, शेजारी कोणाचे किती पंप आहेत ते विचारा. वाडी नगरपालिका हद्दीत आहे म्हणजे घर बांधायला मोकळीक आहे, असंही धरू नका. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम; त्यांच्या शहरी वर्गातसुद्धा जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवं बांधता येतं. नकाशावर भरतीरेषा कुठून जाते ते स्वतः बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. उताऱ्यावर सामाईक नावं किती आहेत तेही पाहा. मुंबईतल्या चुलतभावाची सही राहिली म्हणून रखडलेले व्यवहार इथे खूप आहेत.

डोंगरउताराच्या प्लॉटबद्दल मात्र माझं मत कडक आहे. घेऊ नका. वर मुरूम कापून सपाटी केली की दिसायला छान दिसतं, पण पऱ्ह्याची वाट बुजलेली असते. पाणी आपली वाट विसरत नाही. २००५च्या जुलैत महाड तालुक्यात जुई आणि दासगाव, २०२१च्या जुलैत तळिये, २०२३च्या जुलैत खालापूरची इरशाळवाडी, दरडी कोसळलेली ही सगळी आपल्याच रायगड जिल्ह्यातली गावं. प्रत्येक कापलेला उतार कोसळतोच असं मी म्हणत नाही. पण जमीन पावसाने तुडुंब भिजलेली असताना रात्री उशीखाली तो विचार घेऊन झोपायचं वय आपलं राहिलेलं नाही. शिवाय तिथे बोअर मारावी लागेल, ती लागली नाही तर टँकर.

वाडीलाही भय आहे, ते लपवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दुपारी आपल्या किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मी माजघरात होतो. पोफळी मोडताना बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो, तो एकामागून एक येत राहिला. मग बराच वेळ आवाजच आला नाही, कारण मोडायला काही उरलं नव्हतं. बाहेर आलो तर आमच्या पाखाडीवरून प्रथमच थेट समुद्र दिसत होता. इतकी वर्षं वाडीच्या सावलीत राहिलेल्या घरावर लख्ख ऊन पडलं होतं. नुकसानभरपाई हेक्टरी पन्नास हजारांच्या हिशेबाने जाहीर झाली, पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांना पाच हजार. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र गावातच आहे, तिथून ‘श्रीवर्धनी’ची रोपं आणून लावली. २०२१च्या पावसात लावलेली काही झाडं आता फुलोऱ्यावर आहेत. श्रीवर्धनी रोठ्याचं, म्हणजे इथल्या सुपारीचं, नाव ज्या वाड्यांमुळे झालं, त्या पुन्हा उभ्या राहताना बघणं हे माझं सध्याचं सुख आहे.

तरीही दोन्हींत वाडीच घ्या असं सांगेन. वादळात माणसाला पक्क्या घरात बसून राहता येतं. घराचं छप्पर नीट बांधून घ्या, माड घरावर झुकलेला ठेवू नका.

रस्ता आणि दवाखाना थोडक्यात. रेल्वे माणगावला, तिथून मोर्बा, म्हसळा करत घाटातून दीड तास धरा, पावसाळ्यात जास्त. मुरूड-अलिबागकडे जायला दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट आहे. सर्दी-ताप, रक्तदाब गावात होतं. पण तुमच्या यजमानांना स्टेंट आहे असं लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो, हृदयाचं काही झालं तर डोंगर ओलांडूनच जावं लागेल. त्यांच्या डॉक्टरांना हे अंतर सांगून मगच ठरवा.

आणि घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने काढा. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, गणपती करून जा. वीज दोन दिवस नसेल, कपडे वाळणार नाहीत, भिंतीला ओल येईल. तेवढ्या दिवसांत दोघांना करमलं, तर मला इथेच कळवा. आमच्या आळीत एक वाडी विकायची आहे, विहीर आम्ही मेमध्ये चाखलेली आहे.