नव्या देशात येऊन आठ महिने झाले, नोकरी-घर सगळं मिळालं, तरी रडू येतं. समुपदेशकाकडे जावं का?

हो, जरूर जा, आणि 'सगळं मिळालंय, मग रडायचं कशाला' हा हिशोब दाराबाहेर ठेवून जा. स्थलांतरितांच्या समुपदेशनात मी हे नेहमी पाहते: सुरुवातीचे महिने कागदपत्रं आणि घर शोधण्यात निघून जातात, हात जरा मोकळे झाले की मागे राहिलेलं आठवू लागतं. अमेरिकी थेरपिस्ट पॉलीन बॉस यांचा यासाठी शब्द आहे, 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे अर्धवट वियोग. माणसं आहेत, फोनवर दिसतात, पण जवळ नाहीत. त्यामुळे सांत्वनालाही कोणी येत नाही. चांगला समुपदेशक 'रुळाल हळूहळू' म्हणून तुमची बोळवण करणार नाही. घरच्यांना 'इकडे मजेत' सांगून फोन ठेवल्यावरची पाच मिनिटं कशी जातात, तिथून तो सुरुवात करेल. शक्यतो तुमची भाषा बोलणारा शोधा. नाहीच मिळाला तर दुभाषा मागा, पण घरातल्या मुलांना त्या कामाला लावू नका. मात्र झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. अशा वेळी नुसतं बोलून भागत नाही.