25 वर्षांची जुनी शिडाची होडी घ्यावी का?

तुम्ही सोलापुरात राहता, मुंबईत दोन माणसांची, फायबरची, 25 वर्षं वापरलेली शिडाची होडी तुम्हाला मिळतेय, ती उजनी धरणाच्या पाण्यात चालवायची आहे, आणि घरचे म्हणतायत "जुना माल कशाला?" घ्यावी का आणि किती द्यावेत, असा तुमचा प्रश्न आहे.

घ्या. फक्त होडीचं वय विचारू नका, डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांचं विचारा. आमच्या दाजींना हे मी 2014 पासून सांगतोय, त्यांना अजून पटलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. चादरी आणि टॉवेलच्या मागांवर त्यांची हयात गेली. त्यातले काही माग त्यांच्या जन्माआधीचे होते. मालकानं कुठून तरी जुना माग उचलून आणला की वडील सांगाड्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "बीडाचं ओतीव लोखंड आहे, त्याला काय होतंय," म्हणायचे. धोटा कुठं घासलाय, धोट्याला फटका देणारा पिकर किती खाल्लाय, पट्टा कुठं चिरलाय, तेवढं चाचपायचे. ते बदललं की माग पुन्हा खडखडायला लागायचा. मी होडी घ्यायला गेलो तेव्हा मला हे सगळं पाठ होतं, आणि तरीही सगळ्यात महत्त्वाची जागा मी बघितली नाही.

2013 च्या डिसेंबरात मी मुंबईहून 1990 सालची एंटरप्राइज आणली, 65 हजारांना. सव्वातेरा फुटी होडी, निळी शिडं. ही जात जॅक होल्ट या इंग्रज माणसानं 1956 साली आखली, क्लबांमध्ये शिकाऊ मुलं आजही तिच्यावर शिकतात. विकणाऱ्यानं नुकताच रंग दिला होता. टेम्पोतून डोलकाठी मागे हातभर बाहेर आलेली, तिला लाल फडकं बांधलं आणि रात्रभर गाडी हाकत करमाळ्याच्या बाजूला मित्राच्या केळीच्या बागेशी आणून उतरवली.

शिडं मात्र मी नीट बघितली होती, कापड म्हटलं की आम्हाला शिकवावं लागत नाही. शिडाचं कापड पॉलिस्टरचं, अगदी घट्ट विणीचं, वरून राळेची फिनिश. उभं-आडवं ओढून काही कळत नाही, तिरकं ओढा. कागदासारखं कडक राहिलं तर जीव आहे. धोतरासारखं लोंबलं तर संपलं, कारण असल्या शिडाचं पोट वाऱ्याच्या दाबानं मागं सरकतं आणि होडी पुढं जायची सोडून नुसती कलते. मग शिलाईवर नख फिरवा. उन्हानं कापडाआधी दोरा मरतो. पीठ होऊन निघाला तरी घाबरू नका, कापड चांगलं असेल तर जाड पॉलिस्टर दोऱ्यानं झिगझॅग शिवून घेता येतं. माझी शिडं पास झाली. बॉडी पास झाली. मी खूश.

2014 च्या मार्चमध्ये आपल्याकडे गारपिटीनं द्राक्षं आणि डाळिंबं झोडपली होती, आठवत असेल. त्यानंतर एका रविवारी दाजींना घेऊन पाण्यात उतरलो. आभाळ स्वच्छ होतं, वारा मंद. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून एकदम झोत आला. होडी कलली, मी शीड सोडलं, आणि कानाशी एक टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. उजव्या बाजूची तार सुटली होती. डोलकाठी डावीकडे आडवी, शिडं पाण्यात, दाजी पाण्यात. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. मासेमारी करणाऱ्या एका बाप-लेकानं अर्ध्या तासात आम्हाला काठाला ओढून आणलं. दाजींचा चष्मा गेला आणि माझ्यावरचा विश्वासही. काठावर पाय टेकल्या टेकल्या ते म्हणाले, "जुनी घेतलीस, म्हणून हे झालं."

तेव्हापासून दर वर्षी हुरड्याला, आगटीभोवती पंधरा माणसं बसलेली असताना, हा किस्सा निघतो. शेवट ठरलेला: जुना माल.

आता मी त्या रात्री काय बघितलं ते सांगतो. तार घरी आणून टेबलावर ठेवली आणि भिंग घेतलं. या तारेत 19 बारीक तारा पिळलेल्या असतात आणि टोकाला त्या एका नळीत दाबून बसवलेल्या असतात. तार नळीच्या तोंडाशीच तुटली होती. 19 टोकं एकेक करून मोजली. 11 टोकं तपकिरी, मळकट, कडा गोलसर झालेल्या. 8 टोकं चकचकीत, टोकदार. म्हणजे 11 तारा आधीच कधीतरी तुटून नळीच्या आत गंजत बसल्या होत्या, आणि मी तीन महिने उरलेल्या 8 तारांवर होडी चालवत होतो.

स्टेनलेस स्टीलला हवा लागते. हवा मिळाली की त्याच्यावर पातळ थर बसतो आणि तोच त्याला राखतो. नळीच्या आत समुद्राचं खारं पाणी अडकलं की तिथं हवा पोचत नाही, थर टिकत नाही, आणि तार आतून खाल्ली जाते. बाहेरून लखलखीत. म्हणून मुंबईची होडी घेताना तारांची टोकं बघायची, मधला भाग नाही. नळीच्या तोंडाशी तांबूस डाग आहे का, नळीला केसाएवढी चीर आहे का बघा. चिंधी गुंडाळून तार हळू ओढा, एखादा तुटका काटा असला तर चिंधीला अडकतो. आणि हे सगळं ठीक दिसलं तरीसुद्धा, तारा कधी बदलल्या ते विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर सगळ्या बदला. मी त्यानंतर पूर्ण संच 14 हजारांत बदलला. बॉडी तीच, डोलकाठी तीच, शिडं तीच. होडी आजही चालतेय.

दाजींचं म्हणणं असं की नवी होडी असती तर तार तुटली नसती. मान्य, त्या वर्षी तुटली नसती. पण नवी घेऊन तुम्ही तारांकडे बारा-पंधरा वर्षं बघितलंच नाही तर तीही तशीच तुटेल. उलट जुनी घेणारा माणूस निदान बघतो तरी. मी बघितलं नाही ही माझी चूक, ती मी त्यांच्यासमोर दहा वेळा कबूल केलीय. होडीच्या वयाची चूक मात्र मी कबूल करणार नाही. मे 2024 मध्ये उजनीतच कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली, तेव्हा दाजींचा रात्री फोन आला, "अजून विकली नाहीस?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या पाण्यात ती माणसं गेली त्याच पाण्यात आम्हाला कुणीतरी ओढून काढलं होतं. मी दाजींना एवढंच म्हणालो की आपण दोघं वाचलो ते अंगातल्या जॅकेटमुळं. तुमच्या होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला, पोहता येत असलं तरी, जॅकेट घालायला लावा. "नको, गरम होतं" म्हणेल त्याला काठावर ठेवा.

बॉडीचं थोडक्यात. नव्या रंगाला भुलू नका, रंग म्हणजे झाकण. एक नाणं घ्या आणि सगळीकडे टकटक करत जा, विशेषतः मागची पाटी, जिथं सुकाणू बसतं. आत बहुधा प्लायवूड असतं. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी थप्प, जसं चिरलेल्या मडक्याला येतं तसं. हवेच्या बंद टाक्यांची झाकणं लावा, नळीनं हलकी फुंकर मारा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. टाक्या गळक्या असतील तर उलटलेली होडी सरळ होऊनही पाण्यातच बसून राहते. आणि दोघांनी उचलून बघा. एंटरप्राइजची बॉडी साधारण 90 किलोची. चार माणसं लागली तर आत पाणी मुरलंय, तिथून परत या.

किती द्यावेत हे होडी न बघता मी सांगू शकत नाही. तारा, दोऱ्या आणि शिलाई यांचा खर्च काढून तो सांगितलेल्या किमतीतून वजा करा आणि तेवढंच बोला. विकणारा चिडला तर चिडू दे.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. उतरण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीचं विचारून घ्या, 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानंतर नोंदणीचंही बघावं लागतं. आणि उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेली की होडी काठावर घ्या. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते सगळे बघायला जातात, पण तशाच बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे अजून फूटभर पाण्याखाली असतात. होडीच्या तळातून पाण्यात उतरणारा मधला फळा त्यांच्यावर आपटला तर बॉडीच फाटते, आणि तेव्हा दाजींचं म्हणणं खरं ठरेल.

ते हे वाचतात, मला माहीत आहे. दाजी, ती तार अजून माझ्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेली आहे. यंदा हुरड्याला घेऊन येतो, भिंगही आणतो. तपकिरी टोकं तुम्ही मोजा.