'बेटर'च्या आधीचा 'मोर'

"मॅडम, मराठी मीडियमचा शिक्का काही केल्या पुसला जात नाही." माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली छत्तिशीची ती बाई बोलताना रुमालाची घडी घालत-मोडत होती. पुण्यातल्या एका कंपनीत टीम लीड. मीटिंगमध्ये तोंडून 'मोर बेटर' निघालं, एक ज्युनियर गालात हसला, तेव्हापासून कॅमेरा बंद आणि तोंडही. त्यात साहेबांना मेल गेला: 'यू मस्ट रिप्लाय टुडे.' साहेब दोन दिवस घुश्श्यात.

(ओळख पटेल असे तपशील बदललेत. तक्रार नेहमीची.)

म्हटलं, "'हा उपाय त्यापेक्षा चांगला' म्हणा. 'चांगला' बदलला?" नाही. आपल्याकडे तुलनेचा भार 'पेक्षा'वर, विशेषण जागचं हलत नाही. फार तर आधी 'जास्त' लावतो. तोच 'जास्त' 'मोर' होऊन आला होता. 'बेटर', 'चीपर', 'ईझियर'मध्ये तो आधीच मुरलेला असतो. 'एक्स्पेन्सिव्ह'सारख्या लांबलचक शब्दाला 'मोर' वेगळा लागतो. ती पहिल्यांदा हसली.

'मस्ट'चं दुखणं जरा खोल. आपल्या एका 'पाहिजे'त सल्ला, गरज, सक्ती सगळं मावतं; साहेबांना लिहिलेल्या 'मस्ट'मध्ये मात्र नुसती सक्तीच ऐकू येते. अदबीसाठी 'तुम्ही' आहे, 'जरा' आहे, 'द्याल का' आहे. इंग्रजीत 'यू' एकच. तिथं आपल्या 'द्याल का'चं काम 'कुड' आणि 'वुड' करतात. 'कुड यू प्लीज रिप्लाय टुडे?' तिनं लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

मी मात्र वेगळंच टिपत होते. पाऊण तासात 'माझ्यापेक्षा' अकरा वेळा. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा फाडफाड बोलणारी. आणि दर दोन वाक्यांआड 'मला आलंच पाहिजे'. साहेबांना लिहिलेला 'मस्ट' ती स्वतःलाही रोज ऐकवत होती! १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा रोख याच 'मस्ट'वर होता. इच्छा असावी, तिची सक्ती झाली की माणूस अडकतो. म्हणून गृहपाठ दिला: 'अचूक बोलता आलं तर आवडेल, चुकले तर वाईट वाटेल, पण निभेल.' शिवाय आठवड्यातून एका मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू ठेवून, एक वाक्य.

तिसऱ्या भेटीत सांगत आली, "परवा 'मोर ईझियर' म्हणाले. माझं मलाच कळलं. 'सॉरी, ईझियर' म्हटलं आणि पुढे बोलत राहिले."

मेलमध्ये आता 'कुड यू' असतं. साहेबांचं उत्तर अजूनही दुसऱ्या दिवशीच येतं.