सुट्टीत नक्की काय शिकायचं?

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की या सदरात एरवी येणारे शिस्तीचे, पालकांचे, तपासणीचे प्रश्न मागे पडतात आणि 'यंदा काय शिकू?' हा प्रश्न पुढे येतो. या वेळी निवडलेली सगळी पत्रं वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दलची आहेत.

प्रश्न : दर सुट्टीत मी यादी करते. व्हिडिओ बनवणं, ऑनलाइन चाचण्या, जिओजिब्रा (गणिताच्या आलेख-आकृत्यांचा प्रोग्राम), वर्गाचा ब्लॉग, आता एआय. शाळा उघडते तेव्हा प्रत्येकातलं थोडंथोडं येत असतं, पण वर्गात यातलं काहीच पोचत नाही. यादी चुकते की मी कमी पडते? (गणित शिक्षिका, माध्यमिक)

यादी चुकते. तिच्यात साधनांची नावं आहेत, वर्ग कुठेच नाही. 'जिओजिब्रा शिकणे' हे काम कधी संपलं, हे तुम्हाला कळणार कसं?

सुरुवात लॅपटॉप बंद ठेवून करा. गेल्या वर्षीचं पाठ टाचण आणि हाताशी असतील तेवढ्या तपासलेल्या उत्तरपत्रिका काढा. त्यात दोनच गोष्टी शोधायच्या. एकाच प्रकारची चूक सगळ्यात जास्त मुलांनी कुठे केली आहे आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ कुठलं काम खातं. साधन त्यावरून ठरतं. तपासणीत संध्याकाळी जात असतील तर आपोआप गुण देणारी ऑनलाइन चाचणी शिका. रेषेच्या समीकरणात मुलं अडखळत असतील तर जिओजिब्रा. दोन्ही असेल तर जास्त दुखतं ते घ्या, दुसरं दिवाळीत.

मग उद्दिष्ट असं लिहा : 'रेषेच्या समीकरणाच्या पहिल्या तासाला चढ आणि छेद यांचे दोन स्लायडर (सरकवून किंमत बदलायच्या पट्ट्या) पडद्यावर असतील. स्लायडर सरकवण्याआधी रेषा कुठे जाईल ते प्रत्येक मूल वहीत काढेल.' एवढं लिहिलं की काय शिकायचं आणि काय सोडून द्यायचं, ते आपसूक वेगळं होतं. समीकरण अक्षरांसह टाइप केलं की जिओजिब्रा त्या अक्षरांचे स्लायडर करून देतं. (चढाचं अक्षर आणि एक्स यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्ह द्या. काही आवृत्त्या नाहीतर दोन्ही मिळून एकच चल समजतात.) स्लायडर मूळचा उणे ५ ते ५ असतो आणि ०.१ च्या पावलानं सरकतो. ते पाऊल १ करा. नाहीतर चढ २.३ वर थांबतो आणि मुलं रेषेऐवजी दशांशात अडकतात. दुसरं, दोन्ही अक्षांचं प्रमाण १:१ ठेवा. झूम करताना एक अक्ष ताणला गेला तर चढ १ असलेली रेषा ४५ अंशात दिसत नाही आणि अख्खा तास वाया जातो. ही गडबड पडद्यावर पटकन लक्षातही येत नाही.

वेळेचा हिशेब प्रामाणिक ठेवा. सहा आठवडे, आठवड्याला ४ तास धरले तर हातात २४ तास येतात. त्यातले चार तास उत्तरपत्रिका चाळण्यात जातात. बारा तास साधनावर घाला. चार तास घरातल्या किंवा शेजारच्या मुलासमोर तोच पाठ करून पाहण्यासाठी ठेवा, आणि उरलेले चार त्यात सापडलेल्या चुका दुरुस्त करायला. शेवटच्या आठवड्यात नवं काहीही उघडू नका.

प्रश्न : वर्गात ४८ मुलं आहेत. मुलांकडे फोन नाहीत, संगणक कक्ष आठवड्यातून एकदा मिळतो. अशा वर्गात 'लगेच प्रतिसाद' कसा घ्यायचा? (विज्ञान-गणित शिक्षक)

एका फोनवर होतं. प्लिकर्स नावाच्या साधनात प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. कार्डावर काळ्या चौकटींची एक नक्षी असते, दर कार्डाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून हळू फिरवता. नक्षीवरून मूल ओळखलं जातं, तिच्या दिशेवरून उत्तर. अक्षरं बारीक आणि नक्षी निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उपयोग होत नाही. प्रोजेक्टर नसला तरी चालतं. प्रश्न फळ्यावर लिहा. फोनला मात्र इंटरनेट लागतं.

साध्या संचात ४० कार्डं असतात, मोठ्यात ६३. तुम्हाला मोठा संच घ्यावा लागेल. कार्ड क्रमांक हाच हजेरी क्रमांक ठेवा आणि खात्यात मुलांची पूर्ण नावं टाकू नका, क्रमांक पुरेसा आहे.

बिघाड बहुतेक कागदातच असतो. चकचकीत लॅमिनेशन केलं की खिडकीचा उजेड कार्डावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षीच्या जागी पांढरा डाग दिसतो. जाड कागदावर छापा. लॅमिनेशन हवंच असेल तर मॅट. मुलं बोटं नक्षीवर ठेवतात, तेव्हा कडेला कोरी पट्टी सोडून कापा आणि पकडायचं तिथेच, हे पहिल्या दिवशी करवून घ्या. मागच्या बाकांची कार्डं पुढच्यांच्या डोक्याआड जातात. कार्ड छातीशी न धरता कपाळाच्या उंचीवर धरायला सांगा.

पण खरी मेहनत प्रश्नात आहे. समजा विचारलं, सगळ्यात मोठी संख्या कोणती : ०.५, ०.३६ की ०.२४८? 'आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी' असं मानणारं मूल ०.२४८ निवडेल, ते सापडलं. पण काही मुलांच्या डोक्यात नेमकं उलटं असतं : दशांशानंतर आकडे जितके कमी, तितकी संख्या मोठी. ते मूल ०.५ निवडेल आणि तुम्ही त्याला बरोबर द्याल. आता पर्याय बदला : ०.४, ०.६२, ०.३८५. 'लांब ती मोठी' वाला ०.३८५ वर जातो, 'आखूड ती मोठी' वाला ०.४ वर, आणि ०.६२ निवडणाऱ्यानं बहुधा स्थानिक किंमत पाहिलेली असते. चुकीच्या प्रत्येक पर्यायामागे एक ओळखीचा गैरसमज हवा. असा एक प्रश्न घडवायला अर्धा तास सहज लागतो. सुट्टीत पंधरा प्रश्न तयार झाले तरी भरपूर.

उत्तरं आल्यावर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेल्या पद्धतीतले आडाखे हाताशी ठेवण्यासारखे आहेत. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असली तर पुन्हा शिकवा. ३० ते ७० च्या मध्ये असली तर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याला पटवून द्यायला लावा आणि तोच प्रश्न परत विचारा. ७० च्या वर असली तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे चला. उत्तरं काहीही आली तरी तास ठरल्याप्रमाणेच न्यायचा असेल, तर कार्डं छापण्याचा खर्च वाचवा.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीत मुलांनी बरोबर उत्तर लिहूनही शून्य गुण मिळतात. कारण काय? (भाषा शिक्षिका)

गूगल फॉर्म्ससारख्या चाचणीत टाइप केलेलं उत्तर अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं जातं. तुम्ही उत्तर देवनागरी आकड्यांत ठेवलं आणि मुलानं इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर ते चूक. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं, चूक. एका उत्तराला अनेक मान्य रूपं देता येतात, ती सगळी भरा. नाहीतर असे प्रश्न बहुपर्यायी करा आणि लेखी उत्तरं स्वतः तपासा. स्वतः तपासायचे प्रश्न असतील तर गुण 'नंतर जाहीर' या पर्यायावर ठेवायला विसरू नका, नाहीतर मुलाला अर्धवट गुण लगेच दिसतात आणि रडारड होते.

प्रश्न : पाठांचे व्हिडिओ करायचे आहेत. किती लांबीचे करावेत? फोनवर केलेली फाइल इतकी मोठी होते की पालक उघडतच नाहीत. (प्राथमिक शिक्षक)

लांबीबद्दल २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांचा एक अभ्यास झाला. व्हिडिओ पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रं त्यात तपासली होती आणि सहा मिनिटांपुढच्या व्हिडिओंत प्रेक्षक टिकत नाहीत असं दिसलं. ते प्रेक्षक बहुतेक मोठ्या वयाचे होते, आपण होऊन शिकायला आलेले. लहान मुलांसाठी सहा मिनिटं ही वरची मर्यादा समजा. एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्या, आणि मध्ये एकदा 'थांबवा, वहीत सोडवा' म्हणा.

पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचू नका. डोळे आणि कान एकच वाक्य वेगवेगळ्या वेगानं घेतात आणि लक्ष दुभंगतं. आकृती दाखवा, बोलून समजवा.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. चित्र थोडं अंधूक असलं तर मूल पाहतं, आवाज घुमला की बंद करतं. माइक तोंडापासून एका वितीवर, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फुत्कार त्यात शिरत नाहीत. पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवरून परततो, म्हणून पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा.

फाइलचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, मिनिटाला ६० एमबी. फोन बरेचदा याहून जास्त वेगानं नोंदवतो, त्यामुळे पाच मिनिटांत ३०० एमबी उलटतात. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा, ७२० पी निवडा, कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत) एच २६४ ठेवा आणि गुणवत्तेचा आकडा २३ च्या आसपास. हा आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र बिघडतं. एच २६५ नं फाइल आणखी लहान होते, पण जुन्या फोनवर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फळा किंवा स्लाइड असलेल्या व्हिडिओत हलणारं फार काही नसतं, त्यामुळे तो एरवीच्या चित्रीकरणापेक्षा खूपच जास्त आवळला जातो.

प्रश्न : शाळेच्या प्रोजेक्टरवर माझ्या स्लाइड मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत, आणि कधीकधी मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. (इतिहास शिक्षक)

दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यासाठी घरीच चाचणी करता येते. शेवटच्या बाकाचं पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्यावरच्या चित्राची उंची. समजा ९ मीटर भागिले १.२, म्हणजे साडेसात. लॅपटॉपच्या पडद्याची उंची १९ सेंटीमीटर असेल तर तिच्या साडेसात पट, सुमारे १.४ मीटर मागे उभे राहा आणि स्लाइड वाचा. जे तिथून वाचता येत नाही ते शेवटच्या बाकावरूनही येणार नाही. अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीत असलेलं बरं, आठपटीला जेमतेम निभतं. देवनागरीत वेलांट्या आणि उकार ओळीच्या वर-खाली जागा घेतात, त्यामुळे इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला अपुरा पडतो. अक्षर वाढवा, ओळींतलं अंतर सव्वापट करा आणि मजकूर निम्मा. दिवे मालवायचे तर पडद्याजवळचे मालवा, बाकांवरचे राहू द्या. मुलांना लिहायचं असतं.

भलती अक्षरं येतात ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमुळे. त्यात मराठी अक्षराच्या चित्रामागे खरं तर इंग्रजी अक्षर असतं. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की मागचं इंग्रजी उघडं पडतं. तातडीचा उपाय म्हणजे पीडीएफ करून नेणं. कायमचा उपाय, जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणणं. त्यानंतर मुद्रितशोधन कराच, आणि विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार तपासा. जुन्या फाँटमध्ये ही चिन्हं दिसतात त्या क्रमानं टंकलेली असतात, वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. उलटापालट करताना कन्व्हर्टर जोडाक्षरांत हमखास घसरतो. 'ऱ्हास', 'दऱ्या' यांतला ऱ्य-ऱ्ह ही दुसरी घसरगुंडी.

प्रश्न : सुट्टीत किती ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं मिळवावीत?

एक. आणि तोही असा, ज्यात शेवटी तुमच्या विषयाचा एखादा पाठ तयार करून द्यावा लागतो आणि कुणीतरी तो पाहून शेरा देतं. व्हिडिओ पुढे ढकलून शेवटची प्रश्नमंजुषा सोडवली की मिळणारं प्रमाणपत्र फाइलीत शोभतं, एवढंच.

प्रश्न : ऐन तासाला नेट जातं आणि सगळं बारगळतं. काय करू? (विज्ञान शिक्षिका)

नेटवर अवलंबून असलेलं आधीच उतरवून ठेवा. फेट या संग्रहातली एचटीएमएल ५ प्रकारची सिम्युलेशनं (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) एकेका फाइलमध्ये डाउनलोड होतात आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. आदल्या दिवशी वायफाय बंद करून एकदा उघडून पाहा. वर्गात दोन मिनिटांत सुरू झालं नाही तर खडू उचला, आणि त्यासाठी फळ्यावर काढायची आकृती टाचणात आधीच काढलेली असू द्या.